नाही म्हणणारे हनोक डॉक्टर

हनोक डॉक्टर शनिवारी काडी ओढत नसत. शुक्रवारी दिवस मावळला की दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत त्यांच्या घरात चूल नाही, दिव्याचं बटण दाबणं नाही, मोटारसायकलला किक नाही. शनिवारी सकाळी शेजारचा महादू धनगर त्यांच्या स्वयंपाकघरात जायचा, गॅस पेटवायचा, चहा टाकायचा आणि ओट्याला टेकून फुर्र फुर्र करत आधी स्वतः प्यायचा. उरलेला चहा डॉक्टर आपल्या हातानं ओतून घ्यायचे. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तोंडातून निघून गेलं, "काय डॉक्टर, तुमच्याकडे गडी आधी पितो वाटतं?"

डॉक्टर असे तापले म्हणता! "गडी कोण? महादू चहा करतो तो स्वतःसाठी. माझ्यासाठी कर, असं त्याला सांगायची मला मुभा नाही. विश्रांतीचा दिवस माझा, आणि राबायचं त्यानं? देवानं त्याला माझी चूल पेटवायला जन्माला घातलेलं नाही, शेठ."

महादू बशी पुसत म्हणाला, "तुमीबी घ्या घोटभर, शेठ. माज्याकडनं."

जुन्नरच्या बाजारपेठेत माझं जनावरांच्या औषधांचं दुकान आहे. आम्ही मूळचे मारवाडातले जैन, पण चार पिढ्या इथल्या पाण्यावर वाढल्या. आता मारवाडी बोलायला गेलो तर पाहुणे हसतात. हनोक डॉक्टर डिंगोऱ्याच्या जनावरांच्या सरकारी दवाखान्यात बदलून आले तेव्हापासून आमची ओळख. नावावरून गावानं त्यांना ख्रिस्ती ठरवून टाकलं होतं. नाताळला एकानं त्यांना केक नेऊन दिला. डॉक्टरांनी तो आनंदानं खाल्ला आणि मग सांगितलं, "केक छान होता, पण मी ज्यू आहे." केक देणाऱ्यानं दुकानात येऊन मला विचारलं, "शेठ, ज्यू म्हंजी कोणती जात?"

ते अलिबागकडचे. त्यांचे पूर्वज कोकणात तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. घरात बोली मराठी, जेवणात नारळ, आणि प्रार्थना मात्र हिब्रूत. आमच्या भागात त्यांच्या पद्धतीनं कापलेलं मटण मिळायचं नाही, म्हणून ते डाळ-भातावर राहायचे. मी त्यांना अर्धा जैन म्हणायचो. बायको रिबकाबाई नोकरी चालू असतानाच गेल्या. तेव्हा गावानं माळावर एका कोपऱ्यात जागा दिली आणि डॉक्टरांनी त्यांना तिथंच पुरलं. मुलगा इस्रायलला, अश्दोदला. "या, या" म्हणून त्याचा दर शुक्रवारी फोन. डॉक्टर म्हणायचे, "तिथल्या गाईंना मराठी कळत नाही." खरं कारण माळावर होतं, ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

शनिवारी कुणाची गाय अडली तर मात्र डॉक्टर निघायचे. गाडीवर नाही, पायी. चिखल असो की ऊन असो, पिशवी महादू न सांगता खांद्यावर घ्यायचा आणि डॉक्टर पुढं. "वेणा वार बघून येत नाहीत," एवढंच म्हणायचे.

दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसलं की आमची जुंपायची. मी खोचकपणे विचारायचो, "तुम्ही म्हणे देवाचे निवडलेले लोक? मग आम्ही काय उरलेसुरले?"

"निवडलेले म्हणजे लाडके नव्हे हो, शेठ. पोस्टिंग आहे ते. डिंगोऱ्यात सरकारनं डॉक्टर म्हणून मला नेमलं, म्हणून डिंगोरेकर माझ्यापेक्षा हलके झाले का? उलट माझ्या मागे नियमांचं लचांड जास्त. आम्हाला आज्ञा सहाशेच्या वर. तुम्हाला सात."

"आमचं बरंय की मग! ओझं कमी."

"ओझं कमी. तराजू एकच."

या सात आज्ञा म्हणजे त्यांचा आवडता विषय. जलप्रलयातून नोहा वाचला, आणि आजची सगळी माणसं त्याची लेकरं. त्या सगळ्यांशी देवानं करार केला, तो सात गोष्टींचा. ज्यू नसलेल्या माणसानं एवढ्या पाळल्या की तो देवाच्या दारी भला माणूस, त्याला ज्यू व्हायची गरजच नाही. खून करायचा नाही, चोरी करायची नाही, दुसऱ्याच्या बायकोवर नजर ठेवायची नाही, देवाला शिव्या द्यायच्या नाहीत, गावात न्यायनिवाडा असला पाहिजे, जित्या जनावराचा तुकडा तोडायचा नाही. मी व्यापारी माणूस. म्हटलं, "हे सहाच झाले." डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "सातवी तुमच्या देशात सांगायला अवघड आहे. सांगेन कधीतरी."

आणि आणखी एक ते नेहमी सांगायचे. देवाला एकदम हजार माणसं करता आली असती, पण त्यानं एकच आदम केला. का? तर पुढं कुणी छाती फुगवून म्हणू नये, की माझा बाप तुझ्या बापापेक्षा मोठा होता. "हे आमच्याच म्हाताऱ्यांनी लिहून ठेवलंय बरं का," असं म्हणून ते माझ्याकडे असे बघायचे की जणू ते म्हातारे त्यांचे सख्खे मामा.

महादूची बायको ठकूबाई गेली ती दिवाळीच्या आधी. आमच्याकडे उसात बिबट्या असणं ही काही बातमी राहिलेली नाही. पोरांना शाळेत घोळक्यानं पाठवतात, बाया गवताला जाताना मोबाईलवर गाणी मोठ्यानं लावतात. ठकूबाई बांधावर बसून गवत कापत होती. खाली बसलेलं माणूस बिबट्याला जनावरासारखं दिसतं, असं फॉरेस्टवाले सांगतात. महादू हाकेच्या अंतरावर विहिरीवरची मोटार चालू करत होता. मोटारीच्या आवाजात त्याला काही ऐकू गेलं नाही. नंतर जे सापडलं ते मी इथं लिहिणार नाही. मी पाहिलं आहे, आणि ते माझ्याबरोबरच जाईल.

घरी माणसांची रीघ लागली. जो तो येऊन "देवाची मर्जी", "तिची दोरी तेवढीच व्हती" असं म्हणून जात होता. हनोक डॉक्टर आले, महादूशेजारी जमिनीवर बसले आणि काही म्हणजे काहीच बोलले नाहीत. सकाळी यायचे, संध्याकाळी उठायचे. मी बाहेर त्यांना म्हटलं, "अहो, दोन शब्द तरी बोला त्याच्याशी." ते म्हणाले, "ज्याचं माणूस गेलंय, तो बोलेपर्यंत आम्ही बोलत नाही. आणि देवाची मर्जी म्हणायला मी देवाचा कारकून आहे का?"

दिवस झाले, तेरावं झालं, पाहुणे पांगले. मग एका शनिवारी सकाळी मी सलाईनच्या बाटल्या पोहोचवायला डिंगोऱ्याला गेलो होतो, म्हणून डॉक्टरांकडे डोकावलो. महादू स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसलेला. गॅस गार. डॉक्टर समोर उभे.

"काय झालं?" मी विचारलं.

"शेठ, आता मीबी शनवारी काडी ओढनार न्हाई," महादू म्हणाला. "दोन शनवार झालं, घरात चूल न्हाई का बत्ती न्हाई. म्यां ठरावलंय. मला ह्यांच्यात जायाचंय."

मांडीवर एक फडक्याचं गाठोडं होतं. ते त्यानं सोडलं. आत देव्हाऱ्यातले चांदीचे टाक. बिरोबा, खंडोबा, आणि घासून तोंडं गेलेले त्याचे वाडवडील. "ह्यांनी माजी ठकू राखली न्हाई. पिढ्यान्‌पिढ्या बकरी कापली ह्यांच्यापुढं. ह्ये तुमी ठिवा न्हाईतर नदीत टाका. मला तुमच्या देवात घ्या, डाक्टर."

मला वाटलं, डॉक्टर त्याला पोटाशी धरतील. डॉक्टर म्हणाले, "नाही."

"का न्हाई?"

"शनिवार तुला सांगितलेला नाही, महादू. तो आमच्यावर आहे. तू तो माझ्यासारखा पाळायला लागलास, हे चुकलं तुझं. ऊठ, घरी जा, चूल पेटव, भाकरी कर."

महादूनं गाठोडं बांधलं आणि गेला. त्या दिवशी डॉक्टरांनी चहा घेतला नाही. मी मात्र बाहेर पडलो तो तणतणत. माणूस पुरात गटांगळ्या खातोय, काठावरच्यानं हात द्यायचा की नियम वाचून दाखवायचे?

दुसऱ्यांदा महादू विचारायला आला तो माझ्या दुकानात. डॉक्टर पेपर वाचत बसले होते. महादूनं गिऱ्हाइकांदेखत त्यांचे पाय धरले. "लई इचार केला. सुंता करायची तर करा, काय खायाचं न्हाई ते सांगा, पर मला घ्या." पाय सोडवून घेत डॉक्टर पुन्हा तेच म्हणाले, "नाही." महादू गेल्यावर माझं डोकंच फिरलं.

"डॉक्टर, तुमच्यापेक्षा तो बिबट्या बरा. त्यानं एकदाच मारलं."

हे मी बोललो खरं. ते ऐकून घेतलं त्यांनी. मग सावकाश म्हणाले, "आमच्यात कुणी आत यायचं म्हटलं तर आधी परत पाठवायचं, अशी रीत आहे. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. पण रीत सोडा, शेठ. मी त्याला आत घेतलं, तर त्याला काय सांगितल्यासारखं होईल? की आजवर तू देवाच्या अंगणात नव्हतासच. आता आलास. बरं, तो आला. ठकूबाई तर तशीच गेली. मग ती कुठं गेली?"

मी उगाच काऊंटर पुसत राहिलो.

तिसऱ्यांदा महादू गेला तो डॉक्टरांच्या ओसरीवर. मी तिथं होतो, कारण डॉक्टरांनीच मला बोलावून घेतलं होतं. तो आज परत येणार, हे त्यांना दिसत असावं. महादू रडत नव्हता, ओरडत नव्हता. नुसता म्हणाला, "डाक्टर, तुमच्यात यिऊन मला काय मिळवायचं न्हाई. फकस्त यवढं कळू द्या. माजी ठकू कुटं हाय? तुमच्या पुस्तकात तिला जागा हाय का?"

"आहे."

"ती ज्यू नव्हती."

"तिनं कुणाचं चोरलं? कुणाचा जीव घेतला? शेजारणीच्या पोराला उपाशी ठेवलं कधी? तिची जागा पक्की आहे, महादू. माझ्या जागेचं मला सांगता येत नाही. तिला माझा शिक्का लागत नाही आणि तुलाही लागत नाही. तुला मी आत घ्यायचं म्हणजे तू बाहेर आहेस असं मानायचं. ते मी मानणार नाही."

महादूनं गाठोड्यावर हात ठेवला. "आन ह्ये?"

ती अवघड सातवी आज्ञा आता समोर येऊन बसली होती. डॉक्टर म्हणाले, "खोटं बोलणार नाही. मूर्तीपुढं माझं डोकं वाकत नाही. मूर्ती पुजू नये ही सातवी आज्ञा आहे, आणि तिच्यावरून आमच्या म्हाताऱ्यांत भांडणं आहेत. काही म्हणतात, मूर्ती म्हणजे नाहीच. काही म्हणतात, सगळ्यांच्या वर एक आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्यानं मधे कुणाचा हात धरला ते त्याचं त्याला आणि देवाला. मी तुला एवढंच विचारतो. या टाकांच्या वर कोण आहे?"

"वर येकच. ते तर शेंबड्या पोरालाबी ठावं हाय."

"मग रागाच्या भरात वाडवडलांना नदीत टाकू नकोस. राग उतरला की काय ते तुझं तू ठरव. मी सांगणार नाही."

महादू गाठोडं घेऊन घरी गेला. त्यानं टाक पुन्हा मांडले की नाही, हे मी कधी विचारलं नाही.

पुढच्या महिन्यात उसाच्या कडेला लावलेल्या पिंजऱ्यात बिबट्या सापडला. अर्धा तालुका लोटला. कुणी दगड मारतोय, कुणी व्हिडिओ काढतोय, कुणी रॉकेल आणा म्हणतोय. फॉरेस्टची गाडी अजून वाटेतच होती. जनावर गजांवर आदळून रक्तबंबाळ झालेलं, आणि त्याचा एक पंजा गजांमधून बाहेर आला होता. महादू कोयता घेऊन पुढं झाला तशी गर्दी दुभंगली. त्याचा हक्कच होता ना तो! मीही मनात म्हटलं, तोड. जन्मात मुंगी न मारणारा मी.

हनोक डॉक्टर कुठून घुसले कोण जाणे. सत्तरी उलटलेला माणूस पिंजऱ्याला पाठ लावून उभा राहिला. पाठीमागं ते जनावर गुरकावत होतं.

"बाजूला व्हा, डाक्टर. ह्यानं ठकू फाडली माजी."

"हाच कशावरून? आणि असला, तरी जित्याचा तुकडा तोडायचा नाही. ही आज्ञा माझी म्हणून सांगत नाही, महादू. ही तुझी आहे. सातातली. तुला देवाकडून काहीतरी हवं होतं ना? हे घे. हे तुझं आहे."

महादूनं कोयता वर उचलला. शेवटी त्यानं तो शेजारच्या बाभळीत एवढ्या जोरात हाणला, की नंतर काढायला दोन माणसं लागली. मग तो मटकन खाली बसला आणि ठकूबाई गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्यानं रडला. डॉक्टर त्याच्या शेजारी बसले. गर्दीला मजा राहिली नाही, ती पांगली. पुढच्या शनिवारी महादूनं डॉक्टरांच्या ओट्यावर चहा केला, असं कळलं.

गेल्या थंडीत डॉक्टरांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मुलानं पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात ठेवलं, सेवेला बाई लावली, पैशाला कमी केलं नाही. पण सुट्टी संपली तसा तो परत गेला. दवाखान्यानं घरी न्या म्हटल्यावर डॉक्टर डिंगोऱ्याला आले. महादू त्यांना भरवायचा, कूस बदलायचा, हागणं-मुतणं काढायचा. मी गेलो की डॉक्टर डाव्या हातानं माझा हात धरायचे आणि डोळ्यांतून पाणी यायचं. एवढा बोलका माणूस, आणि त्याला "पाणी" म्हणता येईना. फार वाईट दिवस होते ते. मला तर तिकडं जायचीच भीती वाटायला लागली होती.

शुक्रवारी पहाटे ते गेले. फोनवर मुलगा हुंदके देत म्हणाला, "शेठकाका, आजच, सूर्य मावळायच्या आत, आईशेजारी." सूर्य मावळला की शनिवार लागतो, मग माती देता येत नाही. पुण्याच्या त्यांच्या समाजाला कळवलं. ते लगोलग निघाले. दोन गाड्या पोहोचल्या, तिसरी चाकणच्या कोंडीत अडकली. पांढऱ्या कापडातल्या डॉक्टरांना गावानं खांद्यावरून माळावर नेलं. खड्डा महादूनं आणि त्याच्या भावकीनं खणला होता. गाईगुरांवाली सगळी माणसं आली होती. पार आणे गावच्या पठारावरून मेंढ्या सोडून धनगर आले होते.

पुण्याचे एक म्हातारे गृहस्थ, अब्राहमकाका, पुस्तक उघडून उभे होते. ते वाचेनात. सारखे रस्त्याकडे बघत होते. मी जवळ गेलो. ते म्हणाले, मेलेल्यासाठी जी प्रार्थना म्हणतात, तिला दहा ज्यू पुरुष उभे असावे लागतात. आम्ही नऊ आहोत. मुलगा फोनवर दिसत होता, पण फोनवरचा माणूस मोजत नाहीत. ऊन माळावरून सरकत चाललं होतं. माळावर शेकड्यांनी माणसं उभी होती आणि एक माणूस कमी पडत होता.

गर्दीत कुजबूज झाली, आणि एक तरणा पोरगा फाडकन बोलला, "आमी काय मानसं न्हाई का राव? जलमभर आमची जनावरं बघितली त्यांनी. मोजा की आमाला!" खरं सांगतो, माझ्याही काळजात तेच टोचलं होतं.

महादू मातीच्या ढिगाऱ्यावरून खाली आला. "गप रं," तो त्या पोराला म्हणाला. "ती त्येंची कामगिरी हाय, आपली न्हाई. धा त्येंचंच लागत्यात. त्यानं आपुन कमी व्हत न्हाई." मग त्यानं अब्राहमकाकांना विचारलं, "मालक, तुमची परार्थना र्‍हाऊ द्या. माजी म्यां म्हनली तर चालंल?"

म्हाताऱ्यानं मान डोलावली.

महादू खड्ड्याच्या डोक्याशी उभा राहिला. हात जोडले नाहीत, डोळेही मिटले नाहीत. वर बघून, लांबच्या माणसाशी बोलावं तसा मोठ्यानं म्हणाला, "आरं वरच्या, समद्यांच्या बापा. तुजं नाव मोटं र्‍हाऊ दे. ह्यो मानूस तुजा व्हता, म्यांबी तुजाच. ह्येला त्येच्या बायकूजवळ निजू दे. माजी ठकू तिकडं असंल, तिला सांग डाक्टर आलं म्हनून. तुजं भलं व्हवो."

अब्राहमकाकांनी पुस्तक मिटलं आणि स्पष्ट, मोठ्या आवाजात म्हणाले, "आमेन." मागून बाकीचे आठ जण म्हणाले. फोनमधून मुलगा म्हणाला. मग महादूनं पहिलं घमेलं उचललं.

दिवस बुडायच्या आत माती पुरी झाली. गाडीत बसताना मी अब्राहमकाकांना गाठलं. म्हटलं, तुम्ही त्याचं मन राखायला म्हणालात ना, आमेन?

म्हातारा माझ्यावर जरा चिडलाच. "मन राखायला आमेन म्हणत नाहीत, शेठ. ज्यू नसलेल्या माणसानं देवाचं नाव घेऊन आशीर्वाद मागितला, आणि आपण तो पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत ऐकला, तर आमच्या नियमानं आमेन म्हणावंच लागतं."